माझी सोय झाली आहे

जबलपूरच्या आम्हा मराठी बायकांना एक खोड आहे. बाजारात दुकानदाराशी हिंदी आणि आपसात मराठी. कमानिया गेटजवळच्या साडीच्या दुकानात गादीवर बसायचं, समोरचा माणूस घाम पुसत साडीवर साडी उलगडतोय, आणि त्याच्या तोंडावर म्हणायचं, "रंग जाणार हिचा, काठ बघ कसला भिकार आहे, आणि भाव बघा मेल्याचा." मग त्याच्याकडे वळून गोड हसायचं, "भैया, थोड़ा और दिखाइए ना." माझ्या आईनं हेच केलं, मावशीनं हेच केलं, आम्हीही केलं. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली गत. पिढ्यान्पिढ्या ह्या शहरात राहून कोणाच्या डोक्यात आलं नाही की त्या भैयाच्याही शेजारी कोणी मराठी राहत असेल, त्याच्याही घरात नागपूरकडची सून आली असेल. मी जन्मभर पोरांना अक्कल शिकवली, पण मलाही नाही सुचलं.

माझ्या मैत्रिणीला ही खोड जरा जास्तच होती, आणि तीच तिला नडली. तिचं नाव मी सांगणार नाही. राग नाही म्हणून नव्हे, राग आहे, चांगला ताजा आहे. पण तिला सून आहे, व्याही आहेत, कोणाच्या घरात काडी टाकायची मला हौस नाही. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. हिशेबाला ती इतकी पक्की की फुटाण्याची पुडीसुद्धा दाणे मोजून वाटायची, म्हणून मी तिला सेठाणी म्हणायची. पुढे मी सिहोऱ्याच्या सरकारी शाळेत लागले, रोज बसने जाऊन-येऊन नोकरी केली, तेव्हापासून मी तिची मास्तरीण. पंचावन्नी ओलांडली तरी तिचा फोन "काय करून राहिली गं, मास्तरीण?" असाच सुरू व्हायचा.

तिचं लग्न लवकर झालं. नवरा फॅक्टरीत, एक मुलगा, आणि एक सासू जी शेवटची कितीतरी वर्षं पलंगावरून उठली नाही. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही ते विचारू नका, विचारणारे सगळे विचारून थकले. भाऊ नोकरीला नागपूरला गेला, वडील गेले, आई माझ्याकडे राहिली आणि हळूहळू तिनंही अंथरूण धरलं. तिचं सगळं मी केलं. तिकडे सेठाणीची सासू, इकडे माझी आई. दुपारी फोनवर आम्ही पाठीच्या जखमांच्या मलमापासून डायपरच्या भावापर्यंत सगळं बोलायचो आणि हसायचोही. लोकांना वाटेल ह्यात हसण्यासारखं काय आहे. ज्यांनी केलं आहे त्यांना माहीत आहे.

म्हातारपणी एकत्र राहायची कल्पना तिची. हे आधीच स्पष्ट करते, कारण आता ती लोकांना सांगत असते की ते मास्तरणीच्या डोक्यातलं खूळ होतं. आम्ही तेव्हा पस्तिशीत होतो. ग्वारीघाटावर पायऱ्यांवर बसलो होतो, पाय पाण्यात. ती म्हणाली, "मुलं काय, उडून जाणार. तू तर एकटीच आहेस. आपण एक घर बांधू. दोन दारं, एक स्वयंपाकघर. भांडण झालं की आपापल्या दारानं आत जायचं."

"आणि जेवायला?"

"जेवायला एकत्रच यायचं. भुकेल्या पोटी भांडण टिकतं का?"

"आणि तुझा नवरा?"

"तो बसेल ओसरीवर पेपर वाचत. त्याला काय, चहा मिळाला की झालं."

मी हसले, पण घरी आल्यावर मला झोप लागली नाही. आनंदानं. तोपर्यंत मी माझ्या म्हातारपणाचा विचार करायचंच टाळत होते. विचार करायला बसलं की पुढे नुसती एक खोली दिसायची आणि त्या खोलीत दुसरं कोणी नसायचं. त्या दिवसापासून तिथं दोन दारं दिसायला लागली.

भेडाघाटच्या रस्त्याला, थोडं आत, एका चिंचेच्या झाडापाशी आम्ही जागा घेतली. दोघींच्या नावावर. तिनं आईनं दिलेल्या पाटल्या मोडल्या, मी पीएफमधून पैसे काढले. घर लगेच बांधण्याची दोघींची ऐपत नव्हती, तेव्हा आम्ही ते रांगोळीनं बांधलं. दर दिवाळीला पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तिथं जायचं, जमीन झाडून घ्यायची आणि घराचा नकाशा जमिनीवर रांगोळीनं काढायचा, खऱ्या मापाचा. मग त्या रेषांच्या आत सतरंजी टाकून, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात बसून, जेवायचं. येणारे-जाणारे गावकरी बघायचे. दोन शहाण्यासुरत्या बायका माळावर रांगोळीच्या भिंतीतून वाकून "दार उघड गं" म्हणतायत, ह्याला ते काय समजत असतील देव जाणे. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, स्कूटरवर बसून राहायचे.

वयाप्रमाणे घर बदलत गेलं. पहिल्या वर्षी गच्ची होती, चांदण्यात जेवायला. गच्चीला जिना होता. मग तिचे गुडघे बोलायला लागले तेव्हा जिना पुसला. मग माझ्या मानेचं निघालं, तेव्हा ओटा उंच केला. तिला शुगर निघाली त्या वर्षी आम्ही न्हाणीघर झोपायच्या खोल्यांच्या मधोमध आणलं आणि आत धरायला दांडा काढला. "अजून थोडी वर्षं थांबलो तर नुसतं न्हाणीघरच उरेल," ती म्हणाली होती. आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

आई गेली तेव्हा भाऊ नागपूरहून आला होता. तेराव्याला सगळे उठून गेल्यावर मला म्हणाला, "ताई, मी वरचा मजला काढतो. तू ये. इथं भाड्याच्या दोन खोल्यांत एकटीनं काहून राहायचं?" त्याची बायकोही मागे उभी होती, तीही "या ना" म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. मी मान वर करून सांगितलं, "माझी सोय झाली आहे." किती तोऱ्यात सांगितलं ते मला अजून आठवतं. भावाने वरचा मजला काढला, पण मग तो मुलीला आणि जावयाला दिला. त्यात त्याची चूक नाही. शाळेतल्या बाकीच्या बायका कोण कोणाकडे राहणार म्हणून काळज्या करायच्या, तेव्हाही मी हेच सांगायची. माझी सोय झाली आहे. ऐकणारीला जरा हेवा वाटायचा, आणि मला तो आवडायचा.

गेल्याच्या गेल्या थंडीत मी बाथरूममध्ये पडले. उजवं मनगट मोडलं. ते दिवस मी विसरणार नाही, कारण सेठाणी रोज यायची. डबा आणायची, माझी वेणी घालायची, ब्लाऊजची बटणं लावायची. भाताचा घास करून भरवायची आणि वर शिव्या द्यायची, "तोंड उघड नीट, लहान आहेस का?" मी पडल्या-पडल्या छताकडे बघून म्हणायची, लोकांकडे बँकेत असतं, माझ्याकडे हे आहे. प्लास्टर निघालं त्या दिवशी मी तिला साडी घेतली. ती घेताना तिचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं थकली आहे बिचारी.

त्यानंतर थोड्या महिन्यांनी तिनं विषय काढला. जागा विकू या, म्हणाली. "तुझ्यासाठीच म्हणते गं. तू पडलीस तेव्हा शहरात होतीस म्हणून मी धावत आले. तिथं माळावर पडली असतीस तर? रात्री-बेरात्री डॉक्टर कुठला आणणार? आता आपली वयं घर बांधायची राहिली नाहीत." मी हट्ट केला, रुसले, दोन दिवस फोन उचलला नाही. मग तिनं दुसरा मार्ग दाखवला. आलेल्या पैशात इथंच शहरात, एकाच बिल्डिंगमध्ये, समोरासमोर दोन फ्लॅट घ्यायचे. लिफ्ट आहे, खाली औषधाचं दुकान आहे, हॉस्पिटल चालत जाण्यासारखं. "दारं दोनच राहतील ना," ती म्हणाली. "मधे बोळ येईल एवढंच."

मला तिचं पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, माझ्या तब्येतीचा ती इतका विचार करते ह्यानंच मी विरघळले. नेपियर टाऊनला आम्ही फ्लॅट बघायला गेलो. ती दोन्ही फ्लॅटमधून फिरली, नळ सोडून पाण्याचा जोर पाहिला, माझ्याशी भांडली की सकाळचं ऊन येणारा फ्लॅट तिला हवा, कारण तिची हाडं माझ्यापेक्षा जुनी आहेत. मी म्हटलं, घे बाई. भाऊजी खिडकीपाशी मोबाईल बघत उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. ते तसे कधीच बोलत नाहीत, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही.

गिऱ्हाईक पाटनचं मिळालं. मटरचा व्यापारी, बोलायला गोड, भावाला चिवट. तो बायकोला घेऊन जागा बघायला आला. बायको डोक्यावर पदर घेऊन एका बाजूला उभी, अगदी गप्प. आम्ही त्या दोघांना मराठीत यथेच्छ नावं ठेवली. मग ऊन होतं, माझी मान दुखत होती, म्हणून मी चिंचेखाली दगडावर बसले. व्यापारी पावलांनी जागा मोजत होता. सेठाणी आणि भाऊजी त्याच्या बायकोच्या जवळच उभे राहून मराठीत काही बोलत होते. मला वाटलं भावाचं चाललं असेल. दुरून मला सेठाणीच्या हातवाऱ्यांवरून एवढंच कळलं की ती नवऱ्याला काही समजावते आहे.

रजिस्ट्रीच्या दिवशी ऑफिसात ही गर्दी. सर्व्हर बंद पडला होता, सगळे बाकांवर ताटकळत बसलेले. सेठाणी, भाऊजी, तो व्यापारी आणि वकील कुठल्याशा कागदाच्या झेरॉक्सला खाली गेले. बाकावर मी आणि व्यापाऱ्याची बायको, दोघीच उरलो. ती थोडा वेळ चुळबुळत राहिली, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, एक सांगू का? राग नका मानू."

मराठीत. स्वच्छ, आमच्या नागपूरच्या काकूच्या वळणाची मराठी. मी उडालेच. "तुम्ही मराठी?"

"हाव. माहेर पांढुर्ण्याकडचं. घरी आम्ही मराठीच बोलत होतो. इथं सासरी कोणी बोलत नाही."

मला आधी हसू आलं. जागेवर तिच्यादेखत आम्ही काय काय बोललो होतो ते आठवलं. हा कंजूष आहे, हा भाव पाडून राहिला आहे, बायको बघ कशी ठोंब्यासारखी उभी आहे. मी कानाला हात लावून माफी मागितली. ती हसली नाही.

"ते जाऊ द्या ताई. त्या दिवशी त्या ताई आपल्या घरवाल्याले सांगत होत्या, मी बाजूलेच उभी होती. ऐकू नये, पण कान का बंद करता येते? त्या म्हणे, आपला पुण्याचा फ्लॅट पक्का होईपर्यंत तिले काही बोलू नका. आत्ता कळलं तर ती सही करणार नाही." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. "अन् म्हणे, बरं झालं वेळेवर सुटलो. नाही तर तिचं लोढणं जन्मभर आपल्या गळ्यात राहिलं असतं. मागे ना पुढे कोणी."

मी म्हटलं, "तुम्ही चुकीचं ऐकलं असेल."

"असेल," ती म्हणाली. "माझी मोठी बहीण बिनलग्नाची हाय, ताई. म्हणून सांगितलं. यांना कळलं तर रागावतील."

चुकीचं ऐकलेलं नव्हतं. लोढणं हा शब्द सेठाणीच्या आईचा. आम्ही परकरात होतो तेव्हापासून तो शब्द त्या घरात होता. म्हातारी गाय लोढणं, वेडसर मामा लोढणं, उरलेली शिळी भाकरीसुद्धा लोढणं. त्या यादीत आता मी गेले होते. मला नेपियर टाऊनच्या त्या फ्लॅटमध्ये नळ सोडून पाण्याचा जोर बघणारी ती दिसली. सकाळच्या उन्हासाठी माझ्याशी भांडली होती. जिथं राहायचंच नाही तिथलं ऊन मागत होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि ती कापताना मी मान पुढे करून बसले होते, वर तिला साडी घेतली होती.

ते सगळे जिना चढून आले. सेठाणीच्या हातात खोव्याच्या जलेबीचा पुडा, अजून गरम. "सर्व्हर सुरू झाला म्हणे. घे गं मास्तरीण, तोंड गोड कर आधी." पुडा माझ्या नाकासमोर धरला.

"आप लीजिए, दीदी," मी म्हटलं. "मुझे नहीं खाना."

पहिलीपासून आजपर्यंत आम्ही एकमेकींशी हिंदीत एक वाक्य बोललो नव्हतो. शाळेत बाई हिंदीत बोला म्हणून ओरडायच्या तरी नाही. तिला आधी वाटलं मी थट्टा करते आहे, व्यापाऱ्याची नक्कल करते आहे. ती हसली. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिचा हात खाली आला.

मी व्यापाऱ्याला म्हटलं, "भाई साहब, आज साइन नहीं होगा. मेरी तबीयत ठीक नहीं है." त्याची बायको जमिनीकडे बघत होती. मी पर्स उचलली आणि निघाले. मागून भाऊजी पहिल्यांदा बोलले, "अहो, पण..." मी थांबले नाही.

ऑटोत मी रडले. मुकाट्यानं नाही, चांगली हुंदके देऊन रडले, इतकी की ऑटोवाल्यानं विचारलं, "अम्माजी, घर में सब ठीक है?" अम्माजी म्हणाला म्हणून आणखीच रडू आलं. नवरा फसवतो, भाऊ फसवतो, त्याला शब्द आहेत, नातेवाईक गोळा होतात, कोणी तरी मध्यस्थी करतं. मैत्रिणीनं फसवलं हे कोणाला जाऊन सांगायचं? भावाला फोन लावला आणि तो "बोल ताई" म्हणाल्यावर मला काही सांगता येईना. त्याला मान वर करून सांगितलं होतं ना, सोय झाली आहे. मी त्याला विचारलं, थंडी पडली का रे नागपूरला. तो म्हणाला, नाही अजून.

सेठाणीचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत. मग एका दुपारी ती स्वतःच आली, एकटी. दोन जिने चढून दमली होती. मी पाणी दिलं, समोर बसले आणि हिंदीत विचारलं, कैसे आना हुआ.

"मराठीत बोल ना गं," ती म्हणाली. "काय झालं आहे तुला?"

"पुणे का फ्लैट पक्का हो गया?"

तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. आणि ती काय म्हणाली माहीत आहे? "कोणी सांगितलं तुला?" खोटं आहे म्हणाली नाही, असं कसं म्हणतेस म्हणाली नाही. कोणी सांगितलं. तेव्हा माझी हिंदी संपली. हिंदीत मला नीट भांडता येत नाही.

"मला कोणी सांगितलं ते सोड. तू नाही सांगितलंस, एवढं बस्स आहे. माझ्या मानेचं नाव घेऊन, माझ्या मोडक्या मनगटाचं नाव घेऊन तू मला जागा विकायला लावतेस? माझ्याबरोबर फ्लॅट बघत फिरतेस? अगं नाटक करायचं तर जरा कमी करायचं होतं. लोढणं म्हणालीस ना मला? तोंडावर म्हण. मी ऐकते."

 मग ती बोलली ते सगळं एकदम आलं. मुलानं पुण्यात त्याच्या सोसायटीत फ्लॅट बघितला होता, सून पोटुशी होती, तो म्हणाला तुम्ही इकडे या, नाही तर मग पुढचं मी बघू शकणार नाही. पैसे ह्या जागेतूनच उभे राहणार होते. नवऱ्याचं पेन्शन किती ते मला माहीतच होतं. मी म्हटलं, हे तू मला सांगितलं असतंस तर मी सही केली असती, शिव्या दिल्या असत्या आणि सही केली असती. तू मुलाकडे जातेस म्हणून मी अडवणारी आहे का?

"नव्हतीस," ती म्हणाली. "मलाही माहीत होतं." आणि मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "मुलाचं निमित्त झालं गं. खरं सांगू? तुझं मनगट मोडलं तेव्हा मी रोज इथून घरी जाऊन रडायची. तुला घास भरवताना मला सासू दिसायची. इतकी वर्षं मी तिचं केलं, हागणं-मुतणं सगळं केलं, आणि आता कुठं सुटले. तू माझ्यापेक्षा धडधाकट आहेस, पण कधी तरी पडशीलच ना? तुला दुसरं कोणी नाही. सगळं माझ्यावर येणार. मला नाही जमणार गं, मास्तरीण. अंगात त्राण राहिलं नाही. तुझ्या तोंडावर हे कसं सांगणार होते?"

एवढं खरं ती माझ्याशी खूप वर्षांनी बोलली होती. माझा राग थोडा खाली आला, खोटं कशाला सांगू. जिनं केलं आहे तिलाच ती भीती कळते, आणि मी केलं होतं.

"मी तुला कधी म्हटलं, माझं कर म्हणून?"

"म्हटलं नाहीस. पण दुसरं कोण करणार होतं?"

"वेडे," मी म्हटलं, "तुला शुगर आहे. तुझ्या पायाची बोटं बधिर झाली आहेत, तू नवऱ्याला सांगत नाहीस पण मला सांगतेस. तुझी आई ह्याच शुगरनं कशी गेली ते मी पाहिलं आहे, तुझ्याबरोबर दवाखान्यात मीच बसत होते. आपल्या दोघींत आधी कोण अंथरूण धरणार हे मला काय कळत नव्हतं? मला आजारी माणसाचं करता येतं. आईचं केलं, त्याचा मला कंटाळा आला नाही. मी इतकी वर्षं हेच धरून चालले होते की तुझं मी करणार. म्हणून तर ते घर मला हवं होतं."

खाली कोणी तरी मटर विकत ओरडत गेला.  तिला ते कधी सुचलंच नव्हतं, तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तिनं माझा हात धरला, त्या मोडलेल्या मनगटाचाच, आणि मी तो धरू दिला. मला वाटलं आता ती म्हणेल, चुकले गं. तेवढं म्हणाली असती तर माझं मन किती पटकन वितळलं असतं हे तिला माहीत होतं, आणि मलाही.

ती नाक पुसून म्हणाली, "तू हे आधी बोलली असतीस तर..." आणि हळूच, "मग राहू दे का विकायचं? नको विकायला. मी मुलाला सांगते काही तरी. आपण तिथंच राहू, दोघी. बांधायला लहानसंच बांधू."

ती मनापासून म्हणत होती. डोळ्यांत किती दिवसांनी जीव आला होता तिच्या. आणि मी तिच्याकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं की हिशेब फिरला आहे. तिला माझं करावं लागणार होतं तोवर मी लोढणं होते. मी तिचं करणार म्हटल्यावर मी पुन्हा मास्तरीण झाले. रजिस्ट्री ऑफिसात मला वाटलं होतं ह्यापेक्षा जास्त काही दुखू शकत नाही.

मी हात सोडवून घेतला. उठले, तिच्या चपला दाराशी सरळ करून ठेवल्या, जिन्याचा दिवा लावला, कारण तिला पायऱ्या नीट दिसत नाहीत.

"सोमवारी रजिस्ट्रीला ये," मी सांगितलं. "मी सही करते."